रेवा जेवत नाही, बाकी सगळं ठीक

सातारा,
रथसप्तमीनंतरचा रविवार

प्रिय पक्या,

छोट्याच्या उष्टावणाचे फोटो मिळाले. चांदीच्या वाटीतली खीर त्याने मामाच्याच शर्टावर परत केलेली बघून आई इतकी हसली की डोळे पुसायला चष्मा काढावा लागला. वहिनींनी विचारलंय, रेवा या वयात कशी खायची? छान खायची रे. मऊ भात, वरणाचं पाणी, नाचणीचं सत्त्व, पुढ्यात येईल ते. आम्हाला वाटायचं, आपली पोर गुणाची. म्हणून आत्ताच सांगून ठेवतो, छोट्या वाटी चाटूनपुसून साफ करतोय तोवर मजेत राहा, पण त्यावरून स्वतःची पाठ थोपटून घेऊ नका. वर्ष उलटलं की ही मंडळी बदलतात.

रेवा आता पावणेदोन वर्षांची आहे. सकाळी अर्धं घावन, त्यातलं निम्मं खुर्चीखाली. दुपारी वरणभाताचे दोन-चार घास, मग तोंड असं मिटायचं की बँकेचं लॉकर बरं. काल मेतकूट-भात मिटक्या मारत खाल्ला म्हणून आज पुन्हा केला, तर ताटली हाताने सरकवून दिली. दही मात्र स्वतःच्या बोटांनी, कोपरापर्यंत. आणि सोफ्याखाली कधीचा पडलेला चुरमुरा शोधून काढून खाण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

आता आमच्या घरात यावर काय होत असेल, तुला वेगळं सांगायला नको. तू आईच्या हातचं आग्रहाचं खाऊन शाळेत पोट धरून बसलेला माणूस. तिच्या मते नात ‘उतरली’. समोरच्या काकू रोज जिन्यात दंड चाचपून बघतात आणि सुस्कारा टाकतात. त्यांच्या नातवाचं बाळसं सगळ्या सोसायटीला पाठ आहे. आपल्याकडे मूल म्हणजे चार लोकांनी हातात घेऊन बघायची वस्तू, त्याला कोण काय करणार!

मला शांत केलं ते अंगणवाडीतल्या सेविकाताईंनी. रेवा जन्मली तेव्हा पावणेतीन किलोची होती, पहिल्या वाढदिवसाला सव्वाआठ. म्हणजे वर्षात तिप्पट. त्या म्हणाल्या, सर, हाच वेग राहिला तर ही पुढच्या वर्षी पंचवीस किलोची होईल, चालेल का? दुसऱ्या अख्ख्या वर्षात मूल दोन-अडीच किलोच वाढतं. वाढ मंदावली की भूकही कमी होते, बिघाड काही नसतो. त्यांनी कार्ड उघडून ठिपका दाखवला. रेवा आत्ता पावणेदहाच्या जरा वर आहे, हिरव्या पट्ट्यात, रेघ हळूहळू चढती. जिन्यातल्या दंड-तपासणीपेक्षा मी त्या रेघेवर विश्वास ठेवतो.

पण एक खरी भानगड निघालीच, आणि ती वजनात दिसत नव्हती. डॉक्टरांनी पापणी खाली ओढून बघितली आणि रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन साडेनऊ. या वयाला अकराच्या आसपास तरी हवं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, दूध किती पिते? मी आणि मेघाने आईकडे बघितलं, आईने पंख्याकडे. जेवली नाही की दूध, रडली की दूध, झोपताना दूध, रात्री उठली तर पुन्हा दूध. रतीब एका लिटरने वाढवला होता ते मला दूधवाल्याच्या हिशोबात दिसलं होतं. आई म्हणाली होती, विरजणाला लागतं.

आता बघ कसं चक्र असतं. दुधात लोह जवळजवळ नसतंच. वर त्यातलं कॅल्शियम बाकीच्या अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. आणि पोट दुधाने भरलेलं, मग जेवणार कशाला? जेवत नाही म्हणून दूध आणि दूध आहे म्हणून जेवत नाही. डॉक्टरांनी दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवायला सांगितलं आणि लोहाचं सिरप दिलं. सिरप दुधाबरोबर नाही, जरा लिंबू-संत्र्याबरोबर. शी काळी होते, घाबरू नका, हेही त्यांनी बजावलं. ते बरं झालं, नाहीतर आईने दुसऱ्याच दिवशी रिक्षा बोलावली असती.

मी रसायनशास्त्राचा मास्तर. मोठ्या उत्साहाने आईला लोहाची दोन रूपं, फेरस आणि फेरिक, समजावायला बसलो. भाजी-भाकरीतलं लोह फेरिक, व्हिटॅमिन सी त्याचं फेरस करतं, मग ते आतड्यात शोषलं जातं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘म्हणजे लिंबू पिळायचं, एवढंच ना?’’ एवढंच. अकरावीच्या वर्गाला हे कळायला दोन तास लागतात.

खरं सांगू का, दूध तोडायला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आईचा चेहरा उतरला होता. तिला वाटलं, आपल्या हातचं काढून घेतलं. मग माळ्यावरची तिची लोखंडी कढई आठवली. नॉनस्टिक आल्यापासून ती वनवासात होती. आंबट पदार्थ लोखंडात शिजवला की थोडं लोह त्यात उतरतं, हे काही नुसतं आजीचं सांगणं नाही. आईने कढई घासली, तेल लावून तापवली आणि आता टोमॅटोची, आमसुलाची प्रत्येक आमटी तिच्यातच. रंग जरा काळपट होतो आणि मेघाला ती चव आवडत नाही, पण ती बोलत नाही. घरात पुन्हा आईचं राज्य आहे आणि या वेळी त्याला शास्त्राचा पाठिंबा आहे.

चहाचा मुद्दा मात्र अवघड गेला. चहात बुडवलेलं बिस्कीट हा आजी-नातीचा चारचा कार्यक्रम होता. चहातलं टॅनिन लोह अडवतं म्हटल्यावर तो बंद. आता आई मागच्या पायरीवर जाऊन, दाराआड चहा पिते. रेवा दाराच्या फटीतून ओरडते, ‘‘आज्जी, चा!’’ एखाद्या व्यसनी माणसाला पकडावं तसं चाललंय.

बोरन्हाण गेल्या आठवड्यात झालं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, सगळं साग्रसंगीत. मेघा आणि मी बोरं नकोत म्हणालो. बोराच्या बिया, शेंगदाणे, हरभरे, गोळ्या लहान मुलाच्या घशात अडकतात, चार-पाच वर्षांपर्यंत हे हातात द्यायचंच नाही, आणि आपण नेमकं तेच डोक्यावर ओतून मुलांची झुंबड उडवून देतो. बोराशिवाय बोरन्हाण कसलं, यावर दोन दिवस घर गप्प होतं. शेवटी चुरमुरे, कुरमुऱ्याचे मऊ लाडू कुस्करून, गुलाबाच्या पाकळ्या. आणि बोरं एका वाटीत देवापुढे. मोठी मुलं नाराज झाली. त्यांना नंतर ऊस दिला.

बाकी आनंदाचं विचारशील तर तो पोत्याने आहे, पण तो सांगायला बसलं की फार किरकोळ वाटतो. सकाळी घंटागाडीचं गाणं लांबून ऐकू आलं की रेवा हातातलं टाकून दाराशी. कचऱ्याची छोटी पिशवी तिची, ती तिनेच द्यायची. गाडीवरचे काका ती दोन हातांनी, सोनं घेतल्यासारखी घेतात. मेघाची नोकरी कोरेगावला, रोज एसटीने ये-जा. संध्याकाळी रेवाला खांद्यावर घेऊन मी स्टँडवर जातो. फलटण, वाई, कराड, कुठलीही लाल गाडी आली की तिला वाटतं, आई हीतच. आणि आई उतरली नाही तरी तिचं बिनसत नाही. ड्रायव्हरला टाटा करते आणि पुढच्या गाडीकडे वळते. मेघा उतरते तेव्हा मात्र अचानक लाजून माझ्या मानेत तोंड खुपसते. का, ते मला अजून कळलेलं नाही.

आणि भीती. ती तापाची. दीड वर्षाच्या लसीच्या बूस्टर डोसनंतर ताप आला त्या रात्री मी झोपलोच नाही, कारण मागच्या गल्लीतल्या एका पोराला तापात झटका, म्हणजे आकडी, आली होती. बायकांनी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी दातांत चमचा घालायला निघालं. डॉक्टरांना नंतर मुद्दाम विचारून घेतलं, तुलाही लिहितो: कुशीवर झोपवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, धरून दाबायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर १०८ ला फोन. थांबलं तरी दाखवून आणायचंच. हे सहा महिने ते पाच वर्षांत काही मुलांना होतं आणि बहुतेकांना त्याने पुढे काही होत नाही. माहीत असलं तरी त्या रात्री माझा हात तिच्या छातीवरच होता.

जेवणाबाबत मेघाने शेवटी एक नियम काढला. काय वाढायचं आणि कधी, ते आपण ठरवायचं. किती खायचं, ते रेवाने. तिने मान फिरवली की ताटली उचलायची. ‘‘एक घास काऊचा’’ नाही, मोबाइल तर नाहीच. पहिले काही दिवस आई स्वयंपाकघरातून बाहेर येईना, बघवत नाही म्हणून. मलाही बघवत नव्हतं. उपाशी मूल झोपवणं आपल्या रक्तात नाही. पण पोट तिचं आहे, पक्या, आणि ते भरलंय की नाही हे तिच्याखेरीज कुणाला ठाऊक असणार? परवा ती आपणहून पालकाची आमटी मागायला आली, वाटी घेऊन. आई मला म्हणाली, ‘‘कढईमुळे.’’ मी हो म्हटलं.

पुढच्या महिन्यात पुन्हा रक्त तपासायचं आहे. कळवतो.

काकूंना नमस्कार सांग. त्या छोट्याला मध चाटवत असतील तर मात्र गोड बोलून थांबव, वर्ष होईपर्यंत मध नाही. माझं नाव घे, त्या तुझं ऐकत नाहीत पण माझं ऐकतात. मे महिन्यात सगळे या. येताना बॅगेत जागा ठेवा, आईने मंगळवार पेठेत वहिनींसाठी एक कढई बघून ठेवलीय आणि ती चांगलीच जड आहे.

तुझा,
संज्या

ता.क. केळं कधीही सोलून देऊ नका. त्यांना स्वतः सोलायचं असतं. आणि चुकून सोललंच, तर ते पुन्हा बंद करून मागतात.