बाळ्यास, प्रागहून

प्रिय बाळ्या,

इतके दिवस पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालून दमला असशील. गुडघा आहे तसाच, साखर आटोक्यात. असो.

लेकीनं काल इथलं राष्ट्रीय नाट्यगृह दाखवलं. लोकांनी वर्गणी काढून बांधलेलं. ऊर भरून आला. आणि रात्री घरी एका पुस्तकात त्याच सभागृहाचा फोटो निघाला, २४ जून १९४२ चा. इथं राज्य करणारा नाझी अधिकारी हायड्रिख हल्ल्यात मरून तीन आठवडे झालेले, त्याच्या सूडापोटी लिदित्से गाव नकाशावरून पुसून झालेलं. कलावंतांना बोलावून राइशशी, म्हणजे हिटलरच्या जर्मनीशी, एकनिष्ठ राहायची शपथ घ्यायला लावली. रांगाच्या रांगा, उजवे हात वर. मी वेड्यासारखा कोपरं न्याहाळत बसलो, एखाद्याचं ढिलं सापडतंय का म्हणून.

तुझं तोंड लगेच दिसलं. "शेपूटघाले!" आपल्या नाटकातली ती वाक्यं मी कापू दिली तेव्हा भाव्यांच्या नाट्यमंदिरात ओरडला होतास तसंच. तू मेकअप पुसून चालता झालास, तुझी भूमिका तुझाच विग घालून मी उरकली. ती किती वाईट झाली हे तू अजून सांगतोस. न बघता!

बरं, तुझ्या पंथाचा माणूसही होता इथं, दिग्दर्शक बुरियान. थिएटरचं नाव 'डे ३४', मग ३५, ३६, दर हंगामाला आकडा पुढे. (आपल्या मंडळाचं नाव दर भांडणाला बदलायचं.) मार्च १९४१ मध्ये गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, थिएटरला टाळं ठोकलं आणि त्याला छावण्यांत धाडलं. शेवटी कैद्यांनी भरलेल्या 'काप आर्कोना' जहाजावर इंग्रजांच्या विमानांनीच बाँब टाकले. त्यातूनही गडी वाचला. त्याच्यापुढे मी काय बोलणार?

पण झोप उडवलीय ती आना लेतेन्स्कानं. प्रागमधल्याच विनोहराडी भागातल्या थिएटरातली नटी, लोकांना हसवणारी. हायड्रिखवर हल्ला करणाऱ्या पॅराशूटवाल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरला नवऱ्यानं मदत केलेली. ही एका विनोदी सिनेमात काम करत होती. शूटिंग संपलं आणि १९४२ च्या सप्टेंबरात तिला उचललं. २४ ऑक्टोबरला माउटहाउझेनच्या छावणीत मारलं. सिनेमा डिसेंबरअखेर लागला.

आता सांग, कॅमेऱ्यासमोर उभी राहून ती हसवत राहिली, तिलाही शेपूटघाली म्हणशील? सप्टेंबर १९४४ मध्ये जर्मनांनी सगळी थिएटरं बंद केली, तोवर चेक नाटकं चालू होती. सगळेच तुझ्यासारखे मेकअप पुसून गेले असते तर रंगमंचावर चेक बोलायला कोण उरलं असतं? माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं. मात्र तो फोटो बघताना ते तोंडातून फुटेना. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही केला असता हात वर?" मी म्हटलं, बाळ्याला विचारून सांगतो. तेव्हा लिही. आणि या वेळी 'तत्त्व' या शब्दावर पान संपवू नकोस.

सुमीचं ठरल्याचं कळलं, फार बरं वाटलं. कार्यालय कुठलं घेतलंय? तुझं डोळ्याचं ऑपरेशन झालं ना? वहिनींना नमस्कार.

तुझा,
नंद्या