शेवटच्या सकाळची डाइव्ह

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत समुद्रकाठी पाच दिवस कसे घालवावेत, याचा आराखडा छापून आला आहे. पाचव्या दिवशी सकाळी दोन स्कूबा डाइव्ह (पाठीवरच्या टाकीतली हवा घेत पाण्याखाली जाणे), मग जेवण, आणि संध्याकाळी परतीचे विमान. वाचताना मला घाम फुटला. सहली आखणे हा माझा १९ वर्षांचा व्यवसाय, आणि काही वर्षांपूर्वी हुबेहूब असाच आराखडा मी स्वतःसाठी केला होता. हेतूही तोच, शेवटची सकाळ वाया जाऊ नये.

त्या दिवशी पहिली डाइव्ह २२ मीटर, दुसरी १६ मीटर. दोन्ही अगदी नियमात. सावकाश वर आलो, ५ मीटरवर तीन मिनिटे थांबलो. भाड्याने घेतलेल्या डाइव्ह कॉम्प्युटरवर, म्हणजे खोली आणि वेळ मोजणाऱ्या मनगटी यंत्रावर, विमानाचे छोटेसे चित्र दिसत होते. मला वाटले, मोबाइलसारखा ‘एअरप्लेन मोड’ असेल! ‘इतक्यात विमानात बसू नका’ असे ते यंत्र सांगत होते. मी ते मनगटावरून काढले, परत केले आणि विमानतळ गाठला.

रात्री घरी पोचल्यावर डावे कोपर ठणकू लागले. बॅग उचलल्यामुळे असेल म्हणून मलम चोळले. गंमत अशी, की दाबून पाहिले तर जास्त दुखत नव्हते. हात हलवा किंवा नुसता मांडीवर ठेवा, ठणका तेवढाच. सकाळी बोटांना मुंग्या आल्या, तेव्हा मी फोन केला. डाइव्हिंगच्या आजारांची माहिती असलेल्या डॉक्टरांनी कोपराबद्दल जेमतेम विचारले, बाकी सगळे प्रश्न घड्याळाचे. लॉगबुक उघडले, शेवटच्या डाइव्हमधून वर आले ११.४० ला. तिकीट पाहिले, उड्डाण ५.१० चे. मध्ये साडेपाच तास. दिवसभर लोकांच्या गाड्या-विमानांच्या वेळांची वजाबाकी करणारी मी, ही एक वजाबाकी त्या फोनवर पहिल्यांदा केली.

आधी शुद्ध ऑक्सिजन, मग रीकम्प्रेशन चेंबर. १८ मीटर खोलीइतका दाब देऊन पुन्हा ऑक्सिजन, मग टप्प्याटप्प्याने दाब उतरवायचा. जवळजवळ पाच तास त्या लोखंडी पिंपात. कोपर बरे झाले.

कारण समजायला सोपे आहे. पाण्यात दर १० मीटरला सुमारे एक वातावरणाचा दाब वाढतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि मांसपेशींत जास्त विरघळतो, आणि वर आल्यावर श्वासावाटे बाहेर पडायला त्याला तासन् तास लागतात. बोटीवर बसून आपण हसत असतो तेव्हाही तो अंगात शिल्लक असतो. विमान ३५ हजार फुटांवर असले तरी आतली हवा साधारण ६ ते ८ हजार फुटांवरच्या डोंगराइतकी विरळ ठेवलेली असते, म्हणजे दाब जमिनीवरच्या जेमतेम तीन चतुर्थांश. पटत नसेल तर पाण्याची रिकामी बाटली विमान उंचावर असताना घट्ट बंद करा. उतरेपर्यंत ती आपोआप चेपलेली दिसेल. बाहेरचा दाब असा घटला की अंगातल्या नायट्रोजनचे बुडबुडे धरतात किंवा असलेले फुगतात, आणि माझ्यासारख्याचे कोपर धरले जाते. कोपरावर भागले, हे नशीब. मज्जारज्जूवर बेतले असते तर हे पत्र मी हाताने लिहू शकले असते की नाही, कोण जाणे.

डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या पुढाकाराने २००२ मध्ये तज्ज्ञ एकत्र बसले आणि डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी किती थांबायचे, याच्या मर्यादा ठरल्या. एकच साधी डाइव्ह असेल तर किमान १२ तास. दिवसात अनेक, किंवा सलग काही दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास. वर येताना सक्तीचे थांबे घ्यावे लागतील अशी डाइव्ह असेल तर त्याहून बरेच जास्त. तास मोजायचे ते पाण्यातून वर आल्यापासून. हे आकडे किमान आहेत, हमी नव्हेत, म्हणून बरेच प्रशिक्षक सरळ २४ तास सांगतात. मीही तेच सांगते. आणि ‘मी तर फक्त ट्रायल डाइव्ह केली’ हे कारण चालत नाही. श्वास टाकीतलाच घेतला ना? विमान नसले तरी त्याच दिवशी उंच घाट चढून जाणाऱ्या गाडीतही धोका तोच. उलट क्रम, म्हणजे विमानातून उतरून पाण्यात जाणे, या दृष्टीने निर्धोक आहे.

माझी तक्रार लेखकाबद्दल नाही, सवयीबद्दल आहे. तिकीट काढणारा डाइव्हचे विचारत नाही, बोटवाला तिकिटाचे विचारत नाही आणि प्रवासी दोघांवर विसंबतो. आता माझ्या कार्यालयात डाइव्हचे आरक्षण परतीच्या विमानाची वेळ लिहून घेतल्याशिवाय होत नाही. काही गिऱ्हाइके वैतागतात, वैतागू देत.

आपल्या आराखड्यात मोठी उलथापालथ करावी लागणार नाही. दोन्ही डाइव्ह चौथ्या दिवशी दुपारच्या आत उरकाव्यात आणि पाचव्या सकाळी स्नॉर्केलिंग ठेवावे. पाण्याच्या पृष्ठभागावर नळीने साधी हवा घेत तरंगण्यात ही अडचण नाही, आणि मासे तिथूनही दिसतात. पुढच्या रविवारी एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपली,
एक सहल-नियोजक वाचक