पीस लिली आणि ती एक किलोची पिशवी

प्रिय शुभे,

फोटो बघितले गं. टोकं करपलीयत, कुंडीच्या कडेला पांढरा थर धरलाय आणि माती चांगली ओली असून लिलीने मान टाकलीय, म्हणजे खत जास्त झालंय. लिटरला एक चमचा टाकतेस म्हणालीस ना, तेही दर आठवड्याला? अगं चहाच्या चमच्यात पाचेक ग्रॅम सहज बसतं, आणि तुझ्या त्या १९:१९:१९ खतात नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के, म्हणजे लिटरमागे साडेनऊशे मिलिग्रॅम नुसतं नत्र झालं! हॉलमधल्या झाडाला शंभरच्या आसपास खूप झालं. त्या पिशवीवर जे एकरी किलोत लिहिलंय ते आमच्याकडच्या द्राक्षवाल्यांसाठी, ते ड्रिपमधून सोडतात, वर दिवसभर ऊन असतं. तुझी लिली टीव्हीशेजारी.

खत म्हणजे शेवटी क्षारच. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की कसं पाणी सुटतं, तसंच मुळांचं होतं, भोवती पाणी असून त्यांना ओढता येत नाही. म्हणून आधी तो पांढरा थर खरवडून काढ, मग कुंडी बाथरूममध्ये नेऊन कुंडीच्या दोन-तीन पट साधं पाणी हळूहळू ओत, खालून पूर्ण निथळू दे, ताटलीत साचलेलं फेकून दे नाहीतर तेच परत वर शोषलं जातं. महिना-दीड महिना खत बंद. करपलेली टोकं काही हिरवी होत नाहीत, कात्रीने उडव.

नंतरचा डोस लिटरला अर्धा ग्रॅम. एवढंसं किचनच्या काट्यावर नीट मोजलं जात नाही म्हणून १० ग्रॅम मोजून एक लिटर पाण्यात विरघळवून ठेव आणि लागेल तेव्हा त्यातलं ५० मिली घेऊन वर पाणी घालून एक लिटर कर, झालं. कधी कॅल्शियम नायट्रेट आणलंस तर त्या बाटलीत मिसळू नकोस, या खतातल्या फॉस्फेटबरोबर गाळ होऊन तळाशी बसतं. आणि कोरड्या मातीत खत कधीच नाही, आधी साधं पाणी.

किती दिवसांनी द्यायचं हे मात्र उजेडावर. खिडकीतल्या मनी प्लांटला पंधरा दिवसांनी चालेल, लिलीला महिन्याने, पॅसेजमधल्या स्नेक प्लांटला आणि झेडझेडला वर्षातून दोन-तीनदा दिलं तरी पुष्कळ. यूट्यूबवरचे परदेशी लोक सांगतात हिवाळ्यात खत बंद, ते त्यांच्याकडे ठीक आहे, ठाण्यात हिवाळ्यात उलट दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतं, झाडं मस्त वाढतात. आपल्याकडे बंद करायचं ते जुलै-ऑगस्टमध्ये, ढगांमुळे दिवसाही लाइट लावावे लागतात तेव्हा.

तुमच्याकडे टँकर येतो ना, मग बोअरचं पाणी असण्याची शक्यता जास्त, त्यात आधीच क्षार असतात. आरओवाल्याकडे टीडीएस मीटर असतो, पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून क्षार सांगणारा, तो लावून बघ, पण खत घातलेल्या पाण्यावर त्याचा भरवसा नको, कारण १९:१९:१९ मधलं अर्ध्याहून जास्त नत्र युरियाचं असतं आणि युरिया वीज वाहून नेत नाही, मीटरला तो दिसतच नाही. आकडा कमी आला म्हणून अजून अर्धा चमचा, असं करशील म्हणून सांगतेय, ओळखते मी तुला 😄

केळीच्या सालीच्या पाण्याबद्दल विचारलंस. मला नाही पटत, त्यात काय किती उतरलं ते कळत नाही आणि घरभर चिलटं होतात ती वेगळीच.

आता ती पिशवी. एक किलोत या हिशोबाने दोन हजार लिटर पाणी होतं बाई, तुझ्या कुंड्यांना कधी संपायचं! अर्धं सोसायटीच्या माळीकाकांना दे. उरलेलं घट्ट झाकणाच्या बरणीत ठेव, दमट हवेत त्याचा दगड होतो. वर मोठ्या अक्षरात लेबल लाव, किचनमध्ये अजिबात ठेवू नकोस आणि सासूबाईंना आधीच सांगून ठेव, मिठासारखंच दिसतं ते.

तुझीच,
मेघा