तोंडी परीक्षेत नवी आवृत्ती काढून दाखवायला सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

संगणक शिक्षणाचा विषय निघाला की हल्ली सगळे एआयवर बोलतात. मी फोंड्यात औषध दुकानांसाठी बिलिंगची सॉफ्टवेअर करतो. कामाला येणाऱ्या नव्या पदवीधरांना पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा बऱ्यापैकी येते. केलेले काम गिऱ्हाइकाच्या हाती कसे द्यायचे, हे मात्र त्यांना कोणी दाखवलेले नसते.

साधा आवृत्ती क्रमांक (सॉफ्टवेअरची कितवी सुधारित प्रत ते सांगणारा) घ्या. म्हापशाहून फोन आला की आमचा पहिला प्रश्न, ‘व्हर्जन कुठले?’ त्यावर दुकानदार सांगतो, ‘स्क्रीनार २.३ दिसता, पूण इन्स्टॉलराचेर २.४.’ आता दोष कुठल्या कोडमध्ये शोधायचा? प्रकल्पाची माहिती असलेली पायप्रोजेक्ट फाइल, कोडमधली इनिट फाइल, मदतपुस्तिका, प्रोग्रॅम बसवणाऱ्या इन्स्टॉलरची स्क्रिप्ट, सगळीकडे क्रमांक हाताने लिहिलेला; एक जागा राहतेच.

मुलांचा उपाय ठरलेला: ‘फाइंड अँड रिप्लेस’. त्यात चेंजलॉगमधली, म्हणजे बदलांच्या वहीतली, जुनी नोंदही बदलते. लागणाऱ्या लायब्रऱ्यांची (तयार कोडची) यादी असलेल्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये एखाद्या लायब्ररीचा क्रमांक नेमका तोच निघाला, तर तोही गेला. कोणी हौसेने रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे शोधायचा नमुना, वापरतो, पण टिंबाआधी बॅकस्लॅश (\) देत नाही. मग २.३.१ शोधताना २०३९१ हा बॅच नंबरही सापडतो, कारण तिथे टिंब म्हणजे कुठलेही अक्षर! स्क्रिप्ट लिहायचीच तर ठरलेल्या फाइलींतली ठरलेली ओळच बदलावी, आणि ती ओळ नेमकी एकदा सापडली नाही तर काहीही न बदलता थांबावे. ‘बंप माय व्हर्जन’सारखे तयार साधनही आहे. सांगितले तर काय बदलणार ते आधी दाखवते, मग फाइली बदलून गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनात) टॅगही, म्हणजे आवृत्तीची खूणही, लावते.

माझ्या मते त्याहून बरे म्हणजे क्रमांक एकट्या पायप्रोजेक्ट फाइलमध्ये ठेवणे. पायथन ३.८ पासून ‘इम्पोर्टलिब मेटाडेटा’ ही सोय आहे. बसवलेल्या पॅकेजची आवृत्ती प्रोग्रॅमला चालताना तिथून मिळते. ‘सेटअपटूल्स एससीएम’ हे साधन तर गिटच्या टॅगवरूनच क्रमांक काढते, फाइलीत तो हाताने लिहायलाच नको.

यासाठी वेगळा पेपर नको. अंतिम वर्षाच्या प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी एवढेच म्हणावे, ‘आता माझ्यासमोर नवी आवृत्ती काढ.’ एका आज्ञेत सगळीकडे एकच क्रमांक दिसला तर त्याचे गुण द्यावेत.

आपला,
एक सॉफ्टवेअर व्यावसायिक, फोंडा