रंग म्हणजे विभाग नव्हे

महोदय,

पैठणी, हिमरू शाली किंवा तूरडाळ ऑनलाइन विकणाऱ्या आपल्याकडच्या दुकानांत एक चूक हमखास दिसते: रंगाचे आणि वजनाचेच विभाग पाडलेले असतात. विभाग वस्तूच्या प्रकाराचा असावा. रंग, काठ, वजन फिल्टरमध्ये. तूरडाळीचे 500 ग्रॅम, 1 किलो, 5 किलो हे पर्याय एकाच पानावर द्यावेत, मात्र प्रत्येकाचा एसकेयू (दुकानाने मालाला दिलेला ओळख-क्रमांक) आणि साठा स्वतंत्र ठेवावा. हातमागावरच्या पैठणीला हा नियम लावू नये. दोन नग तंतोतंत सारखे उतरत नाहीत, म्हणून प्रत्येक नगाचे पान वेगळे, फोटो त्याच नगाचा आणि साठा 1.

एसकेयूची सुरुवात शून्याने नको. मालाच्या यादीची फाइल एक्सेलमध्ये उघडली की 00127 चे 127 होते. परत अपलोड केल्यावर जुनी नोंद जुळत नाही आणि तीच वस्तू दोनदा दिसू लागते. संपलेल्या मालाचा क्रमांक नव्या मालाला देणे तर त्याहून वाईट, परताव्याचा सगळा हिशेब बिघडतो. शोधशब्दांत ‘हिमरू’ आणि ‘हिमरु’ दोन्ही टाकावेत. गिऱ्हाईक काही व्याकरण तपासून टाइप करत नाही! पाकीटबंद डाळीच्या पानावर एमआरपी, निव्वळ वजन, उत्पादकाचे नाव-पत्ता हवाच; वैधमापनाच्या नियमांनी 1 जानेवारी 2018 पासून ते बंधनकारक आहे.

– एक वाचक, जालना