कळशी उचलायला शिकवणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,

सा. न. वि. वि.

एका संस्थेच्या प्रवेशमुलाखतीत माझी चित्रांची वही चाळून, ‘हात वळलेला नाही, ॲनिमेशन तुमच्यासाठी नाही’ असे मला सांगण्यात आले आणि वर्षभर मी तेच खरे मानून बसले होते. पुण्यात आपली भेट झाली तेव्हा आपण वही मागितलीच नाहीत; एकांकिकांत काम केले आहे का, एवढेच विचारलेत.

संगणकावरच्या थ्रीडी ॲनिमेशनच्या मोठ्या स्टुडिओत पात्राचे मॉडेल एक जण घडवतो, त्यात सांगाडा आणि नियंत्रणे बसवणारा रिगर दुसरा असतो आणि तयार रिग हाती आल्यावर त्याला चालते-बोलते करणारा कॅरेक्टर ॲनिमेटर तिसरा, ही कामाची वाटणी मला प्रथम आपल्याकडून समजली. ब्लेंडर हे थ्रीडी ॲनिमेशनचे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे आणि त्यासाठी तयार रिगही मोफत मिळतात, हे कळल्यावर माझ्याकडे सबब उरली नाही.

खरे ऋण मात्र त्या कळशीचे आहे. पात्राने भरलेली कळशी उचलायची, एवढाच प्रसंग होता. मी हात खाली नेला, वर आणला आणि कळशी कापसाची वाटू लागली. आपण मला स्वयंपाकघरात नेऊन कळशी आधी रिकामी, मग काठोकाठ भरून उचलायला लावलीत आणि दोन्ही वेळा मोबाइलवर चित्रण केलेत. सेकंदाच्या २४ फ्रेम एकेक करून पाहताना दिसले, की भरलेली कळशी जागची हलण्याआधीच गुडघे वाकले आहेत, खांदा खाली ओढला गेला आहे आणि मोकळा हात तोल सावरायला बाहेर गेला आहे. डिस्नेचे ॲनिमेटर फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली ग्रंथात मांडलेल्या ॲनिमेशनच्या १२ तत्त्वांपैकी ‘अँटिसिपेशन’, म्हणजे मुख्य हालचालीआधीची शरीराची तयारी, मला पाठ होते. ते पाठीत जाणवले त्या दिवशी.

चित्रकला निरुपयोगी आहे, असे आपण कधीच म्हटले नाही. शॉटचा विचार मांडण्यापुरती काडीमाणसे आपण माझ्याकडून काढून घेतलीत, आणि छोट्या स्टुडिओत एकाच माणसाला सगळे करावे लागते, तिथे अडचण येईल, हेही स्पष्ट सांगितलेत. चित्र जमत नाही म्हणून मागे फिरणाऱ्या मुलांनाही हे कळावे, यासाठी हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

सध्या एका म्हातारीची चाल करत आहे. शॉट पाठवते, तिच्या डाव्या टाचेकडे जरूर पाहावे.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी