बाबांची बटणं बाबांना लावू दे

तीर्थरूप आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "एवढी वर्षं विद्यापीठात शिकून तू शेवटी माणसांना शर्टाची बटणं लावायला शिकवणार का गं?" त्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. फोनवर ते नीट सांगणं जमेना, म्हणून पत्र लिहायला बसले. बाबा, उत्तर 'हो' असंच आहे. बटणंही शिकवणार. त्याला एवढी वर्षं का लागतात ते जरा सविस्तर लिहिते, कारण त्यात तुमचाही विषय आहे आणि आईचाही.

ऑक्युपेशनल थेरपीत, म्हणजे आजारानंतर किंवा इजेनंतर माणसाला रोजची कामं पुन्हा स्वतः करता यावीत यासाठीच्या उपचारपद्धतीत, आम्हाला अगदी सुरुवातीपासून रोजचं एखादं काम घेऊन ते उलगडून बघायला लावतात. बटणाचंच घ्या. एक हात काजाची कड ताणून धरतो. दुसऱ्या हाताचा अंगठा आणि तर्जनी बटण चिमटीत धरून तिरकं करतात. ते अर्धं आत गेलं की ढकलणारी बोटं सोडतात आणि पलीकडची ओढून घेतात, आणि ही अदलाबदल क्षणार्धात व्हावी लागते. गळ्याजवळचं बटण तर दिसतही नाही, तिथे सगळा भरवसा बोटांच्या स्पर्शावर. शिवाय बसण्याचा तोल हवा, खांदे स्थिर हवेत, कुठलं बटण कुठल्या काजातलं याचं भान हवं. यातलं एखादं जरी बिघडलं तरी काम अडतं आणि बघणारा म्हणतो, "आता यांना जमत नाही." नेमकं काय बिघडलंय ते शोधायचं, हा आमचा अभ्यास. त्यासाठी शरीररचना, मानेतून निघून हातात उतरणाऱ्या नसा, हाताची २७ हाडं, मेंदूचे आजार, मानसशास्त्र, लहान मुलांची वाढ, असं सगळं शिकावं लागतं. पक्षाघातानंतर काहींच्या मेंदूला शरीराची डावी बाजूच जाणवेनाशी होते. डावी बाही रिकामी लोंबत असते आणि त्यांना ती दिसतच नाही. अशा माणसाकडून बोटांचे व्यायाम करून घेऊन बटण लागणार नाही. त्याचं न लागणारं बटण वेगळं, संधिवात झालेल्या बाईंचं वेगळं आणि बाबा, तुमच्या पार्किन्सन्समधलं, म्हणजे कंपवातातलं, वेगळं.

फिजिओथेरपीशी आमचं नातं अगदी जवळचं आहे, पण आमची नजर त्या माणसाला दिवसभरात काय करायचंय यावर असते. ताकद, तोल, सांध्यांची हालचाल हे सगळं त्यासाठी.

बाबा, तुम्हाला इतिहास आवडतो म्हणून थोडं तेही लिहिते. १९१७ मध्ये अमेरिकेतल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी मोजकी माणसं जमली आणि या व्यवसायाची पहिली संघटना उभी राहिली. बोलावणारा होता जॉर्ज बार्टन, पेशाने वास्तुविशारद. क्षय, पायावरची शस्त्रक्रिया, मग डाव्या अंगाचा लुळेपणा, हे सगळं त्याने स्वतः भोगलं होतं, आणि बागेत व सुतारकामात हात घालून तो सावरला होता. त्यांच्यात एलिनॉर क्लार्क स्लेगल होत्या. दीर्घकाळ मनोरुग्णालयात राहिलेल्या माणसांचा दिवस उठणं, आवरणं, काम, विश्रांती असा पुन्हा बसवून देण्यावर त्यांनी भर दिला. म्हणजे या विद्येच्या मुळाशी आजारातून गेलेला माणूसही आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. १९५२ मध्ये जागतिक महासंघ स्थापन झाला. त्याच्या निकषांप्रमाणे विद्यार्थ्याने किमान १००० तास प्रत्यक्ष रुग्णांमध्ये काम करायचं असतं. माझे ते तास सध्या चालू आहेत.

तिथलं एक सांगते. मानेच्या मणक्याला मार लागलेले एक गृहस्थ आमच्याकडे येतात. त्यांना मनगट वर उचलता येतं, बोटं मात्र स्वतःहून हलत नाहीत. पण मनगट वर उचललं की बोटांचे स्नायुबंध आपोआप ताणले जातात, बोटं मिटतात आणि अंगठा तर्जनीला येऊन टेकतो. मनगट सोडलं की पकड सुटते. ही पकड हलकी असते, पण तिच्यावर माणूस बरीच कामं करू शकतो. ती टिकायची तर बोटांचे स्नायुबंध थोडे आखूडच राहावे लागतात. त्यांचा भाऊ रोज जीव लावून त्यांचं मनगट आणि बोटं एकदम ताणून सरळ करायचा. आखडलेला हात मोकळा व्हावा, एवढीच त्याची इच्छा. आमच्या मॅडमनी त्याला शेजारी बसवून दाखवलं की बोटं सरळ करायची तेव्हा मनगट खाली वाकवायचं आणि मनगट वर करायचं तेव्हा बोटं मिटू द्यायची, कारण दोन्ही एकदम ताणत राहिलं तर हीच पकड हातची जाईल.

काही आठवड्यांनी त्या गृहस्थांनी टेबलावरचा कंगवा उचलून केसांपर्यंत नेला. भांग वाकडा पडला. भाऊ पुढे सरसावला, तशी मॅडमनी त्याच्या हातावर हात ठेवून त्याला थांबवलं. त्या गृहस्थांनी कंगवा खाली ठेवला, परत उचलला आणि दुसऱ्यांदा भांग पाडला. भावाला तेवढा वेळ नुसतं बसून राहणं किती जड गेलं ते मी समोरून पाहत होते. तेव्हा मला तू आठवलीस, आई.

आई, आता तुझ्याशी. रुग्ण रोजची कामं किती स्वतः करतो ते नोंदवायला आम्ही बार्थेल इंडेक्स वापरतो. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेली ही १० कामांची यादी आहे: जेवणं, अंघोळ, कपडे, जिना चढणं वगैरे, आणि एकूण गुण १००. तिचा एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. माणूस काय करू शकेल ते त्यात मोजायचं नसतं, तो प्रत्यक्षात काय करतो ते मोजायचं असतं. बाबा बटणं लावू शकतात. गेल्या वेळी घरी आले तेव्हा मी पाहिलंय, तू आत होतीस आणि त्यांनी खालची तीन सावकाश लावली. चौथ्याला तू आलीस आणि उरलेली भराभर लावून टाकलीस. त्यात तुझी माया आहे, आणि तुला पुढची दहा कामं असतात हेही मला माहीत आहे. तरी माझं कळकळीचं सांगणं आहे की त्यांची बटणं त्यांना लावू दे. जे काम रोज दुसरं कुणी करतं ते हातातून जातं, आणि पार्किन्सन्समध्ये गेलेलं परत आणणं फार कठीण असतं. बाबांनी मदत मागितली तर जरूर कर. न मागता करू नकोस.

तुझी घाई मात्र खरी आहे, म्हणून वेळ बदलून बघा. गोळीचा असर चढला की बाबांचं अंग मोकळं होतं, कपडे त्या वेळात बदलायचे. उभ्याने बदलायचे नाहीत. हातांच्या खुर्चीत, पाय जमिनीला नीट टेकवून, आणि बटणं खालून वर. एखाददिवशी बोटं साथ देणार नाहीत, त्या दिवसासाठी एक-दोन शर्टांना आतून वेल्क्रो लावून घ्या आणि बटणं वरून नुसती शिवून टाका. बाहेरून काही कळत नाही.

बाबा, दारापाशी तुमचे पाय जमिनीला खिळतात, त्याचंही सांगते. उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे जमिनीवर ठळक रंगाच्या आडव्या पट्ट्या चिकटवा, एकेका पावलाच्या अंतरावर, आणि प्रत्येक पट्टी ओलांडायची म्हणून पाऊल टाका. आपसूक होणारं चालणं या आजारात अडतं, पण डोळ्यांसमोर खूण असली की बऱ्याच जणांचं पाऊल सुटतं. पाय अडले असताना ओढून पुढे जाऊ नका, थांबा, तोल सावरा, मग निघा. वळताना जागेवर गिरकी घेऊ नका, मोठं वळण घ्या. दोन्ही हातांत सामान घेऊन चालू नका. आई, ते चालत असताना त्यांना काही विचारू नकोस, पोहोचू दे आणि मग बोल. बाथरूममध्ये भिंतीत पक्का बसवलेला आधाराचा दांडा हवाच. टॉवेलची दांडी वजन घेण्यासाठी केलेली नसते, ती धरून उठू नका.

मी अजून विद्यार्थिनी आहे. म्हणून डॉक्टरांना सांगून जवळच्या एखाद्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून बाबांची तपासणी करून घ्या, जमलं तर त्यांना घरीच बोलवा. घर पाहिल्यावर आणखी दहा गोष्टी त्यांच्या नजरेला पडतील. त्यांना तुझा अंगठाही दाखव, आई. डबे उघडताना तो मुळाशी दुखतो ते तू बोलत नाहीस, पण मला दिसतं. तोवर झाकण चिमटीत धरून पिळू नकोस, तळहाताने दाबून फिरव, आणि जड भांडं दोन्ही हातांनी उचल. जाड मुठीची सुरी वापर. आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त लागून राहिली आहे: बाबांना एकटं सोडवत नाही म्हणून तू संध्याकाळी वाचनालयात जाणं थांबवलंस. आम्ही रुग्णाचा दिवस लिहून घेतो तेव्हा सांभाळणाऱ्याचाही लिहून घेतो. तुझ्या दिवसात तुझं स्वतःचं म्हणावं असं एकही काम उरलेलं नाही. दांडा बसला, पट्ट्या लागल्या, फोन बाबांच्या हाताशी राहिला आणि तपासणाऱ्या थेरपिस्टनी हरकत नाही म्हटलं, की आठवड्यातून दोन संध्याकाळी तरी जा. बाबा, तिला तुम्हीच पाठवा.

परीक्षा संपली की मी येतेच आहे. तोवर तुमच्या खुर्चीची जमिनीपासूनची उंची आणि बाथरूमच्या दाराची रुंदी मोजून ठेवा. आणि बाबा, या पत्राचं उत्तर आईला सांगून लिहवून घेऊ नका. अक्षर बारीक होत जातं म्हणून तुम्ही लिहिणं सोडलंय, ते मला ठाऊक आहे. रेघांचा कागद घ्या, एक ओळ सोडून लिहा, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला थांबून अक्षर मुद्दाम मोठं काढा. चार ओळी झाल्या तरी पुरेत, दोन दिवस लागले तरी चालेल.

तुमची लेक